गुरुवारची तळणी

गुरुवार, ५ सप्टेंबर

भूक लागली होती म्हणून बोरसोक तळले. एवढंच झालं. एकटीपुरतं पीठ मळायला अजून जमत नाही, हात आपोआप दोघांचं घेतो. लाटून चौकोनी तुकडे पाडले, लहान कढई चढवली आणि शेवटचा घाणा जरा करपू दिला, कारण माझ्या नवऱ्याला, दुइशोनला, करपलेलेच आवडायचे. आता ते खाणार कोण, हा विचार घाणा निघाल्यावर आला.

तेवढ्यात फाटकातून शेजारची तोकोन आजी आणि माझी जाऊ उल्कान आत आल्या. आजी ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे साथ देत नाहीत, पण तळणीच्या वासावर ती डोंगरही चढून येईल. चहा केला, तिघींनी खाल्लं. उठताना आजीने तळवे पसरून दुवा दिली, उल्कानने तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि मीही फिरवले. एकसष्ट वर्षांची सवय आहे. जेवण झालं की हात आपले आपण वर येतात.

जाताना आजी म्हणाली, "बरं केलंस गं, झुराकान." मला वाटलं, बोरसोक बरे झाले होते.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

गावाने मला परत मुसलमान करून टाकलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

दुकानात साखर घ्यायला गेले तर मोल्दो जानिश छातीवर हात ठेवून समोर आला. गावचा नमाज, निकाह, मयत सगळं त्याच्या हाती असतं. पण मी त्याला सातवीत भूगोल शिकवलाय आणि त्याने व्होल्गा नदी अरल समुद्रात नेऊन सोडली होती, ती मी अजून विसरलेले नाही.

"बाई, अल्लाने तुमचं मन वळवलं. काल सगळ्या गल्लीत वास होता."

"कसला?"

"तळणीचा. गुरुवारचा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुवारी तेल तापवायचं ते गेलेल्या माणसांसाठी. वास त्यांच्यापर्यंत पोचतो आणि घरच्यांनी आठवण ठेवलीय हे त्यांना कळतं. ईसाचा, येशूचा, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, मी गुरुवारी कढईला हात लावलेला नाही. काल गुरुवार होता हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. निवृत्त मास्तरणीला वार कशाला लक्षात राहतात?

तसं त्याला सांगितलं तर हसला. "बाई, त्यात लाजायचं काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. साखर तिथेच ठेवून घरी आले आणि दिवसभर बिनसाखरेचा चहा प्याले.

रविवार, ८ सप्टेंबर

आमची मंडळी म्हणजे नऊ माणसं आणि बुरुलची पुढची खोली. पास्टर एर्मेक दर रविवारी नारिन शहरातून येतो. एकोणतीस वर्षांचा आहे, शर्टाचं वरचं बटणही लावतो. आज सगळे उठल्यावर म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल काही कानावर आलंय."

कुणी घातलं कानावर, ते विचारायची गरज नव्हती. बुरुल चुलीत लाकडं सारत बसली होती, भरलेल्या चुलीत.

"भूक लागली होती," मी म्हटलं.

"आणि दुवा घेतलीत ती?"

"हात वर आले."

"हात असे आपोआप येतात का, ताई?"

म्हटलं, तू किर्गिझ आहेस ना, तुझे येत नाहीत? तो खोकायला लागला. खोकला खरा होता, त्या खोलीत सगळेच खोकतात. बुरुलच्या खिडकीची काच आम्ही जमायला लागलो त्या वर्षी फुटली, ती आजतागायत बसलेली नाही. लाज मला वाटते, कारण दुइशोन सुतार. अर्ध्या गावाच्या खिडक्या त्याच्या हातच्या, आणि नेमकी हीच राहिली. दर हिवाळ्यात मी त्याच्या मागे लागायची. "मापाची काच मिळत नाही," म्हणायचा.

मला जे विचारायला हवं होतं ते एर्मेकने विचारलंच नाही. गेल्या ऑक्टोबरपासून मी प्रार्थना केलेली नाही. नुसते ओठ हलवते. दुइशोन अंथरुणाला खिळला तेव्हा मी गावभर सांगत सुटले होते की वसंतात तो स्वतःच्या पायांनी जंगलात जाईल, ईसाने मला शब्द दिलाय. दुकानात सांगितलं, मोल्दोला तर मुद्दाम गाठून सांगितलं. तीन आठवड्यांत दुइशोन गेला. तेव्हापासून ईसाशी माझा अबोला आहे. तूच सांग, त्या दिवशी खोटं कोण पडलं, मी की तू?

मंगळवार, १० सप्टेंबर

दीर सोवेतबेक मोल्दोला घेऊन आला. दुइशोनचा धाकटा भाऊ, उल्कानचा नवरा, आमच्या दोन अंगणांमध्ये फक्त एक कुंपण. बूट न काढता दारातच उभा राहिला.

"वहिनी, पाच ऑक्टोबरला दादाचा आश. आता तुमचंही मन ताळ्यावर आलंय म्हणतात. तीन माणसांसमोर कलमा म्हणा, तुमच्याच अंगणात घालू. कापायला घोडा मी देतो."

आश म्हणजे वर्षाचं जेवण. ते ज्याच्या अंगणात होतं, गेलेला माणूस त्या घरचा. आम्हाला मूलबाळ नाही. ते माझ्या अंगणात झालं नाही तर माझा चौतीस वर्षांचा संसार सोवेतबेकच्या दारात जेवून संपेल, आणि मी तिथे बायकांच्या पंगतीला पाहुणी म्हणून बसायचं. हे मी होऊ देणार नाही. मला दुसरं काहीही नको आहे.

"आणि कलमा नाही म्हटला तर?"

"तर माझ्या अंगणात."

"मी म्हणणार नाही."

"मग गुरुवारी वास कशाला काढलात?"

"भूक लागली होती."

जानिशने टोपी सारखी केली. "बाई, राग मानू नका. तुम्ही हाका मारल्यात, तुमचा ईसा काही आला नाही. मग कुणासाठी अडून बसलात?"

दोघांना फाटक दाखवलं. पण त्याला द्यायला उत्तर मला सुचलं नाही, आणि तेच जिव्हारी लागलं. वर्गात कधी असं झालं नव्हतं. अशा वेळी काय बोलायचं ते तरी सांगून ठेवायचंस. असो, आपला अबोला आहे.

रविवार, १५ सप्टेंबर

आज एर्मेकची पाळी. म्हणे मी सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायची, आणि आशच्या भानगडीत पडायचं नाही. मेलेल्यांसाठी जेवणं घालणं आपलं नाही. तोपर्यंत प्रभुभोजनाची भाकर मला मिळणार नाही.

"चूक कसली? बोरसोक खाल्ले ती?"

"ताई, तुम्हाला माहीत आहे कसली."

"बरं, मग तू एक सांग. दुइशोन आता कुठे आहे?"

त्याने बायबल मिटलं. मग म्हणाला, "ते आत आलेच नाहीत कधी. ज्याने ऐकलंच नाही त्याच्याबद्दल मी काय सांगू?" हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची स्वतःची आई अजून आत आलेली नाही, हे मला नंतर बुरुलने सांगितलं.

खरंच तो कधी आत आला नाही. मी नदीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा काठावर माझा कोट धरून उभा होता, बर्फाच्या पाण्यातून निघाल्यावर मला त्यात गुंडाळून घेतलं आणि म्हणाला, "झालं का समाधान?" दर रविवारी घोड्यावरून मला आणायचा आणि दोन तास बुरुलच्या भिंतीशी ओंडक्यावर बसून राहायचा. "तू त्याच्याशी बोल, मी घोड्याकडे बघतो." घोडा इतका म्हातारा होता की मोकळा सोडला असता तरी हलला नसता. गाईचं दूध काढताना दुइशोन आमच्या मंडळीचीच गाणी गुणगुणायचा, सगळ्या कडव्यांसकट. मी त्याला चिडवायची, माझ्याकडून चोरलीस म्हणून. खरं तर मी घरी गात नाही, माझा आवाज फुटक्या डब्याचा.

उभं राहून काही कबूल करणार नाही. एर्मेकला तसं तोंडावर सांगितलं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ठरलं. पाच ऑक्टोबरला आश माझ्या अंगणात, माझ्या पद्धतीने. ज्याला यायचं त्याने यावं.

मांस नसेल. सुरी पुरुषाच्या हातची लागते, आणि गावातला एकही पुरुष माझ्या दारात जनावर कापणार नाही. एर्मेक कापायला तयार झाला असता तरी त्याच्या हातचं कुणी तोंडात घातलं नसतं, आणि तो तयार होणारही नाही. म्हणून चहा आणि बोरसोक. नुसत्या बोरसोकवर आश उरकणारी पहिली बाई म्हणून नाव राहील माझं. राहू दे.

उल्कान आली होती. पीठ किती पोती आहे, तेल किती, विचारत होती. मग शेडमधल्या मोठ्या कढईचं तोंड हाताने, कोपरापासून बोटांपर्यंत मोजलं. मी म्हटलं, "नवऱ्याला सांग, लिहून नेलंस तरी चालेल." तिने कढई परत पालथी घातली. ती कधीच बोलत नाही. अशी माणसं चहाड्या करायला फार सोयीची.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

सोवेतबेकने घोषणा केली. त्याच दिवशी, त्याच वेळेला, त्याच्या अंगणात. शंभर माणसं, घोड्याचं मांस, मोल्दोचं कुराणपठण. कुंपणापलीकडे तंबू उभे राहताहेत, ते मला माझ्या खिडकीतून बसल्या जागी दिसतात. खिडकी दुइशोनच्या हातची, उघडझाप करताना कुरकुरतसुद्धा नाही.

तोकोन आजी म्हणाली, "अगं, म्हण की एकदा कलमा. पोटात काय आहे ते कोण बघतंय?"

"मी बघते ना."

"तू तर लहानपणापासून तशीच. तुझी आई कंटाळली होती तुला."

सोवेतबेकचा मला राग येत नाही, याचंच नवल वाटतं. दुइशोनचा त्याच्यावर जीव होता. एकदाच त्याच्या विरुद्ध गेला. उल्कान नवी नवरी होती, सोवेतबेक पिऊन येऊन तिच्यावर हात टाकायचा. दुइशोन काठी घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसला, दोन दिवस आणि दोन रात्री. बोलला काही नाही, नुसता बसला. शेतात गवत कापायचं पडलं होतं आणि हा तिथे. मी किती बडबडले होते त्याला. त्यानंतर सोवेतबेकचा हात उठला नाही म्हणतात. आमचं निम्मं गवत मात्र पावसात कुजलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

पीठ चाळून ठेवलं. दोन पोती आहेत आणि माझे हात दोन.

आज खूप भीती वाटतेय. कुणी आलं नाही तर परवा मी त्या मोठ्या कढईसमोर एकटी उभी असेन आणि पलीकडून शंभर माणसं मला बघतील. कलमा म्हटला असता तर सोपं होतं. चूक झाली म्हटलं असतं तर तेही सोपं होतं. दोन्हीकडे मला एकच शब्द खोटा बोलायचा होता. मी एवढी खऱ्याची कधीपासून झाले? गेल्या वर्षी मी केवढ्या खात्रीने बोलले होते, आणि ते सगळं खोटं निघालं. तेव्हापासून माझ्या तोंडून साधा होकारसुद्धा निघताना अडखळतो. हे तुझं काम आहे, एवढं लक्षात ठेव.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पहाटे उठून चूल पेटवली. पहिल्या घमेल्याचं पीठ मळून झालं तेव्हा उजाडत होतं आणि मनगटं दुखायला लागली होती. पलीकडे मांस शिजायला लागलं होतं. कुंपणाची एक फळी सरकली आणि तिथून उल्कान आली, डोक्यावर भिजवलेल्या पिठाचं पातेलं घेऊन. तिच्या मागे तिच्या सुना, मग शेजारच्या दोघी, मग आणखी. प्रत्येकीच्या कमरेला लाटणं.

"आमची कढई फुटली," उल्कान म्हणाली. "तळण इथेच करावं लागेल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती सरळ मोठ्या कढईकडे गेली आणि तेल ओतायला लागली. नेमकं किती ओतायचं ते तिला माहीत होतं.

थोड्या वेळाने बुरुल आली. फाटकातच म्हणाली, "मी आशला आलेली नाही." बाह्या वर करून लाटायला बसली.

चौदाजणी झालो. अंगणभर तेलाचा वास, पिठाने पांढरी झालेली तोंडं, कुणाचं लाटणं चांगलं कुणाचं वाईट यावरून टोमणे. तोकोन आजीला खुर्ची दिली. ती बसून सगळ्यांच्या चुका काढत होती आणि गरम बोरसोक खात होती. दुपारपर्यंत सहा टोपल्या भरल्या.

मग कुंपणाशी सोवेतबेक आला. चेहरा पडलेला.

"वहिनी, जेवणाचा दस्तरखान मांडलाय. माणसं बसलीत. मांस तयार आहे आणि वर ठेवायला एक बोरसोक नाही."

"बायका कुठे गेल्या तुझ्या?"

"ते मला काय विचारता, त्या तर…" त्याला उल्कान दिसली. "कढई काल तर धड होती."

"आज फुटली," उल्कान म्हणाली. मान वर केली नाही.

बोरसोकशिवाय आश होत नाही, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि पलीकडे बसलेल्या शंभर जणांना माहीत होतं. मी हात पुसले आणि कुंपणाजवळ गेले.

"नेतोस तेवढे ने. दुइशोनचेच आहेत. फक्त आश कुणाच्या अंगणातला, ते सांगून ने."

तो टोपल्यांकडे बघत राहिला. मग बायकोकडे. अगदी हळू म्हणाला, "दादाच्या."

"ऐकू आलं नाही. माझं वय झालंय."

"दादाच्या अंगणातला, वहिनी."

मग मीच त्याच्या हातात टोपली दिली. त्याचे डोळे भरले होते, आणि लिहायला हरकत नाही, माझेही.

जेवणं झाली. पलीकडे जानिशने कुराण म्हटलं. त्याचा गळा गोड आहे, ते मान्य करायला हवं. आम्ही इकडे काम थांबवून ऐकलं. तिकडचं "ओमिन" झालं आणि इकडे सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आजी म्हणाली, "तिकडची दुवा झाली. ज्याचं घर त्याची राहिली की. म्हण झुराकान."

मी तळवे उघडले. आपोआप नाही आले या वेळी, मी उघडले. आणि मोठ्याने म्हटलं, पलीकडे ऐकू गेलं तर जावं म्हणून: "ईसा, हा दुइशोन. तू ओळखतोस की नाही, मला माहीत नाही. तुझ्याच धंद्यातला, सुतार होता. मी त्याला मागितला होता, तू दिला नाहीस, मला गावासमोर खोटं पाडलंस. वर्षभर मी तुझ्याशी बोलले नाही. तरी त्याला तुझ्याच हाती देते, कारण दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. नीट सांभाळ. करपलेले बोरसोक दे."

बायका "ओमिन" म्हणाल्या, बुरुल "आमेन" म्हणाली, आणि चौदाजणींचे हात चेहऱ्यावरून फिरले. बुरुलचेसुद्धा. मी बघितलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

निघण्याआधी ही वही चाळली. पाच सप्टेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात गुरुवार लिहिलेलं आहे. तेल तापवण्याआधी की नंतर, आता कशाला विचारू.

एर्मेकला सगळं आधीच कळलं होतं. त्याने विचारण्याआधी मीच सांगितलं. "तो गुरुवार होता. मला माहीत होतं. दुइशोनसाठीच तळले. काल आश घातला आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही केली."

"चूक झाली असं म्हणाल, ताई?"

"नाही."

तो बिचारा भाकरीची थाळी हातात धरून उभा. म्हटलं, "तू तुझ्या जागी बरोबर असशील. मी भांडायला आलेले नाही आणि मंडळी सोडायलाही नाही. बाहेर थांबते."

भिंतीशी तो ओंडका अजून आहे. आठ वर्षांत मी त्यावर कधी बसले नव्हते. बसले, आणि आत एर्मेक वाचत होता ते शब्दन् शब्द ऐकू आलं. बुरुलने चुलीचं दार लावलं तेही. भाकर मोडली तेही. मग गाणं सुरू झालं, सगळ्या कडव्यांसकट. ओंडका बरोबर त्या फुटक्या खिडकीखाली आहे.

मान वर करून पाहिलं तर चौकटीच्या खालच्या लाकडावर पेन्सिलीने दोन आकडे लिहिलेले. लांबी आणि रुंदी. सातचा आकडा मध्ये आडवी रेघ मारून, तसा तोच काढायचा.

घरी येऊन कोट न काढता त्याच्या शेडमध्ये गेले. रंध्यांच्या मागे, जुन्या लोकरी नमद्यात गुंडाळलेली एक काच होती. पट्टी लावून मापली. दोन्ही आकडे जुळले. वरची धूळ सात-आठ वर्षांची तरी असेल.

मापाची काच मिळत नाही म्हणे. आणि तू, ईसा, तुला माहीत होतं ना सगळं? मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? बरंच बोलायचंय मला तुझ्याशी, उद्यापासून रोज.

काच पुसली, परत नमद्यात गुंडाळली आणि होती तिथेच ठेवली. पुढच्या रविवारी मलाही बाहेरच बसायचंय.